आठच दिवसांची रजा: वारीत आळंदीहून शिरावं की नातेपुत्याहून?

हैदराबादी कारकून

मंडळी, यंदा पायी वारीला जायचंच असं आम्ही नवराबायकोनं ठरवलंय. दोघंही पंचेचाळिशीच्या पुढचे, दोघंही पहिल्यांदाच. घोडं अडलंय ते रजेवर. हैदराबादहून जाणं-येणं धरून आठ दिवस मिळतात, त्यावर एक नाही. त्यामुळे आळंदी ते पंढरपूर सबंध चालणं या जन्मी निवृत्तीनंतरच. आत्ता एक तुकडा निवडायचाय.

बँकेतला माणूस, म्हणून आधी हिशेब मांडला. आळंदीहून शिरलो तर पहिल्या दिवशी प्रस्थान, दुसऱ्या दिवशी पुणे, मग पुण्यात मुक्काम, मग सासवड, तिथे पुन्हा मुक्काम, मग जेजुरी, मग वाल्हे. आठव्या दिवशी परत. म्हणजे चालण्याचे दिवस चार आणि अंतर सुमारे ८९ किलोमीटर. नातेपुत्याहून शिरलो तर माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. चालण्याचे दिवस पाच, अंतर सुमारे ७४. वर एकादशी पंढरपुरात, आणि द्वादशीला पारणं करून गाडी.

मला नातेपुते पटतं. बायको म्हणते, सुरुवात बघितली नाही तर काय बघितलं? घरात तोडगा निघत नाही म्हणून इथे टाकतोय.

वडकीनाला

वहिनींचं बरोबर आहे. पहिली वारी आळंदीहूनच करा. मी नऊ वर्षं पुणे-सासवड चालतोय आणि अजून त्या दिवसाची बरोबरी दुसऱ्या कशाशी झालेली नाही.

तुमच्या हिशेबात ते ‘३२ किलोमीटर’ म्हणून बसलंय. पण बहुतेक वर्षी त्या दिवशी वद्य एकादशी असते. सगळ्या वाटेतली सगळ्यांत लांब मजल, आणि पोटात साबुदाणा नाहीतर केळं. हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे वळते, माउली सासवडच्या रस्त्याला लागतात. वडकीला विसावा होतो. मग दिवेघाट. रथाला जादा बैलजोड्या लावतात. टाळांची लय चढाबरोबर जड होत जाते, आणि माथ्यावर पोचून मागे वळलात की खालच्या सगळ्या वळणांवर पताकाच पताका. माझ्या शेजारी एक आजी घाटभर डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालत होत्या. मी म्हटलं, माउली, थोडा वेळ द्या माझ्याकडे. म्हणाल्या, “तुझी पाठपिशवी देतोस का मला?” गप्प बसलो.

माळशिरसवाली

आजींचा किस्सा झकास. पण घाट एका दिवसाचा, आणि त्या दिवशी निम्मं पुणे तिथे असतं. हातात फोन, अंगात ‘रामकृष्णहरी’ छापलेला टीशर्ट, संध्याकाळी सासवडहून बसने घरी. राग नाही, येऊ देत. पण ज्याला दिंडी कशी चालते ते बघायचंय त्याला त्या गर्दीत दिंडी दिसतच नाही.

कारकूनदादा, तुम्ही निवडलेल्या पाच दिवसांत काय काय येतं ते कागदावर लिहिलं नाहीत. नातेपुते-माळशिरसच्या मधे सदाशिवनगरला पहिलं गोल रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या गोलात माउलींचा घोडा धावतो ते. दुसऱ्या दिवशी खुडूसला दुसरं. वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर धावा होतो. तुकोबांना इथून कळस दिसला आणि ते पळत सुटले, असं सांगतात, म्हणून सगळे पळतात. सत्तरीचे बाबा पळतात. पुढे ठाकुरबुवांच्या समाधीपाशी तिसरं गोल रिंगण, टप्पा नावाच्या ठिकाणी माउली आणि सोपानकाकांची बंधुभेट, आणि बाजीरावाच्या विहिरीपाशी उभं (घोडा गोलाऐवजी रांगांमधून धावतो ते) नि गोल दोन्ही. अलीकडच्या अर्ध्या वाटेवर रिंगण एकच, चांदोबाच्या लिंबाचं उभं, तेही लोणंदच्या पुढे. वाल्ह्यापर्यंत चाललात तर एकही वाट्याला येणार नाही.

रिंगण चित्रात बघून कळत नाही. माउलींच्या घोड्यावर स्वार नसतो. तो रिकाम्या जिनाने स्वाराच्या घोड्यामागे सुटतो, आणि तो पुढे गेला की हजारो माणसं एकदम ‘माउली माउली’ करून उठतात. घोडा गेल्यावर लोक वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात. माझ्या चुलत्यांनी ती माती पुडीत बांधून घरी नेली आणि पेरणीच्या बियाण्यात टाकली.

जुना टाळकरी

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. दोन्ही तुकडेच. माउलींना घरून न्यायचं आणि पांडुरंगाच्या दारात पोचवायचं, ही वारी. मधेच चढायचं आणि मधेच उतरायचं, ही सहल. ज्याला सवड नाही त्याने पालखी जवळून जाईल तिथे दर्शन घ्यावं, वारकऱ्यांना जेवू घालावं. तेही पुण्यच. ‘मी वारी केली’ मात्र म्हणू नये.

आणि बाई, रिंगणासाठी वारी नसते. रिंगण हा खेळ आहे. दमलेल्या माणसांना उभारी यावी म्हणून. जो दमलेलाच नाही त्याला रिंगणाचं काय कौतुक कळणार?

माळशिरसवाली

शेवटचं वाक्य लागलं. अर्धं पटलंही. पण पहिलं नाही पटत.

वारी पंढरीची. एकादशीला विठ्ठलाच्या दारात हजर राहायचं, फिरून फिरून, नेमाने. म्हणून ‘वारी’. माझी आई गुडघे गेल्यापासून एसटीने जाते, गळ्यात माळ आहे, एक आषाढी चुकलेली नाही. ती वारकरी नाही?

आणि आळंदीच्या सुरुवातीचंही बघा. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास दोघा संतांच्या पादुका एकाच पालखीत घालून न्यायला सुरुवात केली, तीही देहूहून. माउलींचा आजचा वेगळा सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात बसवला. दिंड्यांचे क्रम, अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे, सगळं तेव्हाचं. पंढरीला माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून जात होती, आणि जो तो आपापल्या गावाहून निघत होता. आजही त्र्यंबकेश्वराहून निवृत्तीनाथ निघतात, पैठणहून नाथ, मुक्ताईनगरहून मुक्ताई. जो ज्या वाटेवर राहतो तिथून सामील होतो. मग हैदराबादचा माणूस नातेपुत्याला सामील झाला तर बिघडलं कुठे?

जुना टाळकरी

आईंना माझा नमस्कार सांगा. नेमाच्या माणसाबद्दल मी बोललोच नव्हतो. पहिल्यांदाच येऊन चांगलं तेवढं वेचून घेणाऱ्याबद्दल बोललो. तिथे मत तेच.

लोणंदचा डबा

भांडण रंगलंय तोवर तिसरा कागद पुढे सरकवतो. आळंदी नको, नातेपुते नको, लोणंद धरा. कारण साधं: रेल्वे. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही सगळी पुणे-मिरज मार्गावरची स्टेशनं. वारीच्या दिवसांत रस्ते वळवलेले असतात, नातेपुत्याला पोचता पोचता तुमचा जीव जाईल.

दुसरं कारण, तरडगावची मजल जेमतेम आठ किलोमीटरची. नवख्या पायांना अशी सुरुवात दुसरी नाही. जाता जाता चांदोबाचा लिंब. मग फलटण, बरड, नातेपुते. पुढच्या दोन दिवसांत दोन गोल रिंगणं करून वेळापूरहून परत. गर्दी त्यातल्या त्यात कमी. पंढरपूर पुढच्या वर्षी, वेळापूरपासून. आमच्या कचेरीतल्या एकाने अशीच तीन वर्षांत वारी पुरी केली.

वडकीनाला

हप्त्याहप्त्याने? बँकवाल्यांना आवडेल.

देहूकर

कुणीच तुकोबांच्या वाटेचं नाव घेईना म्हणून. यवतची पिठलं-भाकरी, बेलवाडीचं रिंगण, काटेवाडीला पालखीभोवती पळणाऱ्या मेंढ्या. या वाटेवरही माणसं चालतात, एवढंच सांगायचं होतं.

टँकरमागची

सगळं वाचलं. चढ, रिंगण, इतिहास. वहिनी कुठे झोपणार, कुठे अंघोळ करणार, हे कुणी लिहिलं नाही. मी पाच वाऱ्या केल्यात, तीन आळंदीहून, दोन फलटणहून, तर लिहिते.

कुठून शिरायचं हे गावावर ठरत नाही, दिंडीवर ठरतं. ‘मोकळ्या समाजात’, म्हणजे कुठल्याच दिंडीत न शिरता, चालायला कुणाची ना नाही, पण रात्री पाठ टेकायला जागा आणि पहाटे आडोसा तुमचा तुम्ही शोधायचा. दिंडीत शिरलात की भिशी, म्हणजे खर्चाची वर्गणी, भरायची. मग सामान ट्रकमध्ये, राहुटी, दोन वेळचं जेवण, पाण्याचा टँकर. आधी दिंडी गाठा. दोन-तीन दिंड्यांना आत्ताच फोन करा आणि विचारा, शेवटचे पाच दिवस दोन माणसं घ्याल का, बायकांची राहुटी वेगळी आहे का. बऱ्याच दिंड्या मधून येणाऱ्याला घेत नाहीत. राहुटीतली जागा आणि पंगत पहिल्या दिवसापासून मोजलेली असते. मला एका दिंडीने भिशी घेऊन दुसऱ्या रात्री ट्रकखाली झोपवलं होतं. नाव घेत नाही, पण तेव्हापासून ओळखीशिवाय पैसे देत नाही.

दिवस तीनला सुरू होतो. अंधारात टँकरपाशी बायकांची रांग, हातात तांब्या, एकीने लुगड्याचा आडोसा धरायचा, दुसरीने आटपायचं. पहिल्या दिवशी लाज वाटते. तिसऱ्या दिवशी तुम्हीच आडोसा धरून उभ्या असता आणि पलीकडची कोण, हेही माहीत नसतं. फिरती शौचालयं आता मुक्कामांवर असतात, पण उजाडायच्या आत जाऊन या.

आणि टाळकरीबाबा, तुमच्या ‘सहली’बद्दल. मी फलटणहून शिरले त्या वर्षी दिंडीतल्या बायकांनी विचारलं, “आळंदीला का नव्हतीस?” म्हटलं, सासऱ्यांचं ऑपरेशन होतं. एक जण म्हणाली, “मग वारीतच होतीस की.” विषय संपला. पुढे दिवसभर माझ्याकडे पाण्याचा हंडा होता.

वडकीनाला

ताई, तुमच्यापुढे बोलायची सोय नाही. पण कारकूनदादांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, शेवटच्या टप्प्यात बाकीच्यांचे पाय बारा-तेरा दिवसांत घडलेले असतात, त्यांची चाल ठरलेली असते. तुम्ही ताजे नवखे. वेळापूर-भंडीशेगाव २१ किलोमीटर त्यांच्या गतीने ओढत जाल आणि फोड येतील. आळंदी-पुण्याला सगळेच नवखे असतात. दोन, पंढरपूरची एकादशी. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत रात्र-दिवस जातो. आठ दिवसांच्या रजेतला एक दिवस रांगेतच.

माळशिरसवाली

रांगेत लावतंय कोण? चंद्रभागेचं स्नान, नामदेव पायरी, कळस. बहुतेक वारकरी तेवढंच करून माघारी वळतात. फोडांचं मात्र खरं आहे. आत्तापासून रोज चालायला लागा, जुन्या चपला घाला, नवे बूट घालून येऊ नका. वाटेत जागोजाग माणसं पाय चेपायला नि चपला शिवून द्यायला बसलेली असतात, पैसे घेत नाहीत.

हैदराबादी कारकून

धाग्याची प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. बायकोने टँकरमागच्या ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि आळंदीचा हट्ट सोडला. कारण विचारलं तर म्हणाली, “पुण्यात आपल्या चार नातेवाइकांची घरं आहेत. पुण्याच्या मुक्कामात मी कुणाकडेतरी अंघोळीला जाणार, आणि मग झोपायलाही तिथेच.” तिला तिची खात्री आहे.

तर नातेपुते. टाळकरीबाबांचं ‘दमलेलाच नाही त्याला रिंगण काय कळणार’ हे डोक्यात राहिलंय, म्हणून बरडहून शिरता येईल का तेही बघतो. एक दिवस आधी, नातेपुत्यापर्यंत २१ किलोमीटर जास्त. पण मग द्वादशी सोडावी लागेल, एकादशीच्या रात्रीच गाडी.

एक शंका. वाखरी ते पंढरपूर सहाच किलोमीटर. दशमीला पहाटेच पुढे चालत जाऊन खोली गाठली तर?

माळशिरसवाली

अजिबात नको! ते सहा किलोमीटर म्हणजे सगळ्या वाटेचं सार आहे. वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात, पंढरपुराहून नामदेवरायांची पालखी सामोरी येते, आणि मग एकेक जण क्रमाने निघतो. माउली सगळ्यांत मागे. दुपारी निघालेली वाट रात्रीपर्यंत चालते, कारण कुणालाच पोचायची घाई नसते. इसबावीला उभं रिंगण आहे. खोली गेली उडत.

जुना टाळकरी

पुढे जाऊ नका. आणि यंदाच्या मुक्कामांचा छापील कार्यक्रम संस्थानाकडून आला की त्यावर हिशेब परत करा. तिथीचा क्षय-वृद्धी झाली की लोणंदचा मुक्काम एकाचा दोन होतो आणि बरडची तारीख सरकते. मग तुमचं तिकीट वाया.

मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला उभे राहाल तेव्हा एक बघा. चोपदाराने, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणाऱ्याने, दंड वर केला की सगळा तळ चिडीचूप होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात, आणि चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो. हरवलेल्या वस्तूही तिथेच पुकारतात. माझा चष्मा दोनदा मिळालाय.

हैदराबादी कारकून

बरडच्या गाडीचं बघतोय. फलटणहून तिथवर त्या दिवशी एसटी सोडतात का, कुणाला माहीत आहे?

लोणंदचा डबा

पालखी रस्त्यावर असताना तिच्या भरवशावर राहू नका. आदल्या संध्याकाळीच फलटण गाठा, रात्री विमानतळावर पालखीतळालाच झोपा. म्हणजे पहाटे आपोआप चालायलाच लागाल, बरडपर्यंत १८ किलोमीटर. सांगत होतो ना, तिसरा कागद.