दाखला हा ‘दाखवणे’वरून आला का?

“दाखवायचा कागद म्हणून दाखला,” अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ऐकायला पटते, पण दोन्ही शब्दांची घरे वेगळी. दाखवणे संस्कृत ‘दृश्’कडून, प्राकृत ‘दक्ख’च्या वाटेने आले. दाखला अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. द-ख-ल या मूळ अक्षरांचा अर्थ आत शिरणे. दाखल म्हणजे आत आलेला. दखल, बेदखल, दखलपात्र ही त्याचीच भावंडे. कुळाला बेदखल केले म्हणजे त्याचा शेतात पाय ठेवायचा हक्कच गेला.

साताऱ्यात एका शाळेच्या ऑफिसात पाहिलेला प्रसंग सांगतो. बांधकामावर आलेल्या एक हिंदीभाषक बाई मुलीचा हात धरून उभ्या होत्या. “बच्ची का दाखिला चाहिए.” क्लार्कने विचारले, “कुठल्या साली शाळा सोडली?” बाई गोंधळल्या. त्यांना मुलगी शाळेत घालायची होती, त्याला वाटले दाखला काढायचाय. शेजारच्या शिक्षिकेने उलगडा केला, तोवर पोरगी रडकुंडीला आली होती.

हिंदीत दाखिला म्हणजे आजही प्रवेश. आपण मात्र प्रवेशाच्या नोंदीला आणि मग त्या नोंदीच्या कागदाला दाखला म्हणू लागलो. म्हणूनच शाळा सोडल्याच्या कागदालाही ‘आत येण्या’चा शब्द चालतो: त्यातली जन्मतारीख, जात, नाव सगळे जनरल रजिस्टरातून, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीतून, उतरवलेले असते. नोंद म्हणजे पुरावा, आणि पुरावा म्हणून पुढे केलेली गोष्ट म्हणजे उदाहरण. ‘दाखला देणे’ हा प्रयोग मला याच वाटेवरचा वाटतो.

अशी नोंद किती मोलाची असते, ते साताऱ्याला वेगळे सांगायला नको. 7 नोव्हेंबर 1900 रोजी इथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. रजिस्टरात क्रमांक 1914. बाबासाहेबांचा तो शाळाप्रवेशाचा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या एका ओळीत शब्दाचा मूळ अर्थ पुरता उतरला आहे. ज्यांना दारातच अडवले जाई, त्यांच्यातले एक पोर आत आले.

बोलताना आमच्या घरी मात्र ‘दाखल’ कुणी म्हणत नसे. “पोराचं नाव घातलं का शाळेत?” असेच विचारत. कराड, वाळवा, तासगावकडे काय म्हणतात?