जावा २५० (१९६८), ६ व्होल्ट – हेडलाईटचा उजेड वाढवायचाय, मदत हवी आहे

केळीपट्टा

राम राम मंडळी,

गाडी जावा २५०, म्हैसूरची, १९६८ चं मॉडेल, आबांच्या नावावर होती आता माझ्या नावावर आहे. इंजिन खणखणीत, पहिल्या-दुसऱ्या किकला उठते, धूर जरा जास्त सोडते पण टू स्ट्रोक आहे, चालायचंच. प्रॉब्लेम एकच, हेडलाईट. लागतो, पण लागलाय का हे बघायला समोर हात धरावा लागतो अशी गत.

यावल तालुक्यात राहतो. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा कधी रात्री, रात्रीची पाळी आली की मोटर चालू करायला आणि केळीचे व्हॉल्व्ह फिरवायला जावंच लागतं. रोजची गाडी दुसरी आहे पण ती बहुतेक धाकट्याने नेलेली असते मग मी जावाच काढतो. अर्धा रस्ता हायवेचा, तिथे केळीचे ट्रक समोरून फुल अप्पर मारत येतात, आणि पुढचा अर्धा शिवाररस्ता, तिथे रानडुकरं. ट्रक गेला की दोन-चार सेकंद मी चक्क आंधळा असतो.

सध्याची परिस्थिती अशी की डायनॅमो ओरिजिनल ६ व्होल्ट ४५ वॅट, कार्बन (डायनॅमोतले ब्रश) नवीन टाकलेत, कटआऊट (चार्जिंग जोडणारा-तोडणारा) जुनाच पण काम करतो, रेस दिली की चार्जिंगचा लाल दिवा विझतो. बॅटरी ६ व्होल्टची, नवीन. बल्बवर ३५/३५ लिहिलंय. स्लोवर गाडी असली की उजेड पिवळा पडतो, रेस दिली की थोडा बरा होतो पण बरा म्हणजे काय तेही विचारू नका. दोन वर्षांपूर्वी गाडी पूर्ण खोलून पावडर कोटिंग केली, डूमपासून (हेडलाईटचं खोकं) चिमट्यापर्यंत (पुढचा फोर्क) सगळं, तेव्हापासून उजेड जास्तच कमी वाटतोय असं घरचे म्हणतात.

आमच्या इथला मेकॅनिक म्हणतो हॅलोजन टाकू ६०/५५ चा, डूम कापून नवीन होल्डर बसवू. डूम कापायचा नाही हे मी त्याला सांगितलंय. जावाच्या डूममधेच स्पीडोमीटर, तिथेच ती खिळ्यासारखी चावी, तो कापला तर गाडीत राहिलं काय. मग एलईडी टाकू का, का पूर्ण गाडी १२ व्होल्ट करू, का अजून काही? बजेट आहे, पण फार नाही, यंदा केळीचे भाव तुम्हाला माहितीच आहेत.

धुळ्याचा वायरमन

भाऊ, तुन्ही गाडी पाहीसन मन भरी गयं. आता कामाचं.

मेकॅनिकला आधी हे गणित सांग. ४५ वॅट भागिले ६ म्हणजे साडेसात अँपिअर, यापेक्षा जास्त तुझा डायनॅमो देणारच नाही, तेही गाडी पळत असताना. आता खर्च बघ, ३५ चा बल्ब ५.८ अँपिअर, मागचा ५ वॅटचा दिवा ०.८, ठिणगीच्या पॉईंट-कॉईलला सरासरी दोनेक अँपिअर धर. झाले साडेआठच्या वर. म्हणजे आत्ताच जमेपेक्षा खर्च जास्त आहे, रात्री जेवढं चालवशील तेवढी बॅटरी खाली जाते. त्यात ६० वॅटचा हॅलोजन म्हणजे एकट्या बल्बला १० अँपिअर. डूम कापून उपयोग शून्य.

२५/२५ चा बल्ब लावला तर ४.२ अधिक ०.८ अधिक २, म्हणजे सात. बरोबर बसतं. आणि हसू नको पण पूर्ण व्होल्टेज मिळालेला २५ चा बल्ब उपाशी ३५ पेक्षा जास्त उजेड देतो.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी मल्टीमीटर घे. हेडलाईट चालू ठेवून (लाईट बंद असताना मोजलंस तर काहीच कळणार नाही, करंट वाहत असला तरच ड्रॉप, म्हणजे वाटेत गळणारं व्होल्टेज, दिसतो) बॅटरीच्या दोन टोकांवर किती आणि बल्बच्या होल्डरवर किती ते बघ. मग एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बल्बच्या कॅपला (खालची धातूची टोपी) लाव, तिथे किती दाखवतं तेही लिही. आकडे टाक, मग बोलू.

रोडकिंगवाला

वायरमनभाऊंशी वाद नाही पण एवढं करण्यापेक्षा एकदाच १२ व्होल्ट करून टाका ना राव. व्हेप म्हणून चेक कंपनी आहे, जावासाठी तयार किट मिळतं त्यांचं, डायनॅमो काढायचा, त्या जागी अल्टरनेटर, सोबत इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पॉईंट घासायची कटकट कायमची मिटते. डूमला हात लावायची गरज नाही. महाग आहे हे खरं, बाहेरून मागवलं की ड्युटी लागते.

स्वस्तातलं करायचं तर काही जण तोच डायनॅमो ठेवून फक्त १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवतात, करंट तेवढाच पण व्होल्टेज डबल म्हणून वॅट जास्त मिळतात. पण मग कॉईल, हॉर्न, सगळे बल्ब, बॅटरी बदला, आणि चार्जिंग सुरू व्हायला रेस खूप जास्त लागते. शेतरस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे चालवणाऱ्याला ते परवडणार नाही असं माझं मत.

सातपुडा_रायडर

शिरपूरकडून. एलईडीबद्दल सांगतो कारण तो खेळ खेळून झालाय. बाजारात जे ९ ते ८० व्होल्ट लिहिलेले एलईडी येतात ते ६ व्होल्टवर नीट चालतच नाहीत, एकतर लुकलुकतात नाहीतर स्लोवर बंद पडतात. पाकिटावर ६ व्होल्टपासून लिहिलेलं असेल तरच घ्या. प्लस-मायनस बघून जोडा, साध्या बल्बला उलटंसुलटं चालतं, याला नाही.

दुसरं म्हणजे जावाचा रिफ्लेक्टर हा तारेच्या बल्बसाठी बनवलेला आहे, तार जिथे असते बरोब्बर तिथेच एलईडीची चिप आली पाहिजे. एखाद-दोन मिलिमीटर जरी सरकली तरी उजेड सगळीकडे फाकतो, झाडाची पानं दिसतात आणि खड्डा दिसत नाही. समोरच्याच्या डोळ्यात जातो तो वेगळाच. आणि मागे पंखा असलेला एलईडी तर जावात मावणारच नाही, आत स्विचचा पसारा किती आहे ते तुम्ही डूम उघडून बघितलंच असेल.

फवारणी_पंप

एवढं डोकं कशाला लावता भो. घरी बॅटरीवाला फवारणी पंप असेलच, त्यात १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी असते. ती काढायची, गाडीला लटकवायची, हॅंडलला खाली क्लॅंपवर १२ वॅटचा छोटा एलईडी. एक अँपिअर खातो, पाच-सहा तास आरामात. घरी आलं की पंपाच्याच चार्जरवर लावायची. गाडीच्या वायरिंगला हात पण लावायचा नाही, आणि एक्झिबिशनला न्यायची असली की क्लॅंप काढला की गाडी ओरिजिनल. माझ्या राजदूतला हेच आहे.

फक्त फवारणीच्या दिवसात पंप कोणाला लागतो ते आधी बघून घ्या, नाहीतर घरात महाभारत होतं.

केळीपट्टा

सगळ्यांचे आभार. फवारणी पंपाची आयडिया वाचून घरात सगळे हसले पण खरं सांगू, मला ती पटलीय.

वायरमनभाऊ, आकडे घ्या. गाडी बंद, हेडलाईट चालू. बॅटरीवर ६.३. बल्बच्या होल्डरवर ५.१. बॅटरी मायनस ते बल्बची कॅप ०.७. हा शेवटचा आकडा कशाचा ते मला कळलं नाही, तिथे शून्यच यायला पाहिजे ना?

धुळ्याचा वायरमन

हो, शून्याच्या आसपासच यायला पाहिजे. ते ०.७ म्हणजे तुझी पावडर कोटिंग.

कसं ते ऐक. बल्बचा मायनस परत बॅटरीकडे जातो तो डूमच्या पत्र्यातून, चिमट्यातून, स्टेअरिंगच्या छर्‍यांतून चेसीवर. पूर्वी लोखंडाला लोखंड टेकत होतं. कोटिंगवाल्याने नटबोल्टच्या जागा, छर्‍यांचे कप, सगळ्यावर पावडर मारली, ती प्लॅस्टिकचीच जात, करंट जाणार कुठून? आता जो काही जातोय तो बोल्टच्या आट्यांतून आणि ग्रीस भरलेल्या छर्‍यांतून वाट काढत जातोय. बाकीचं ०.५ प्लसच्या बाजूला, जुनी वायर आणि चावीच्या स्विचचे झिजलेले कॉन्टॅक्ट.

६.३ पैकी ५.१ म्हणजे व्होल्टेज १९ टक्के कमी, तुला वाटेल उजेडही तेवढाच कमी. नाही. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो, म्हणजे तुझ्या बल्बचा उजेड जवळजवळ निम्मा झालाय. तोही पिवळा.

आता काम. एक, होल्डरपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी काळी वायर, अडीच एमएमची, थिंबल (वायरच्या टोकाची कडी) दाबून आणि सोल्डर करून, स्टेअरिंग दोन्हीकडे फुल वळवून ताण येत नाही ना ते बघ. ही शंभर-दोनशे रुपयांची वायर तुझा अर्ध्याहून जास्त ड्रॉप खाऊन टाकेल. दोन, ६ व्होल्टचे रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारे स्विच), ६ चेच, १२ चा ओढणारच नाही. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून (१० अँपिअर पुरे), ८७ बल्बला, ८६ ला डूमच्या स्विचमधून येणारी जुनी वायर, ८५ अर्थ. अप्पर-डिपरला दोन लागतील. मग जुन्या स्विचमधून नुसता रिलेपुरता करंट जाईल. रिले सीटखाली लपतात, डूमला भोक नाही काही नाही.

जुनं_लोखंड

रिफ्लेक्टरचं कोणी बोललंच नाही. काच काढून आत बघा, काळपट डाग आहेत का. असले तर कापड किंवा ब्रासो अजिबात लावू नका, वरचा थर इतका पातळ असतो की पुसताना हातात येतो. क्रोम प्लेटिंगवाल्याकडे पण देऊ नका, तो चकचकीत करून देतो पण क्रोम साठ-पासष्ट टक्केच उजेड परत फेकतं, अ‍ॅल्युमिनियमचा व्हॅक्यूम थर ८५ च्या वर. दिसायला क्रोम भारी, रस्त्यावर कमी.

आणि शेवटी सेटिंग. सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी, स्टॅंडवर नाही, माणूस बसवून. डिपरचा पट्टा डूमच्या मध्याच्या उंचीपेक्षा थोडा खाली पडला पाहिजे. निम्म्या जुन्या गाड्यांचा लाईट झाडावर असतो आणि लोक बल्ब बदलत बसतात.

सातपुडा_रायडर

एक आरटीओचं पण सांगून ठेवतो. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर गाडी बदलता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. वायर, रिले, २५ चा बल्ब याला कोणी हरकत घेणार नाही. डूम कापणं हे सरळसरळ त्यात येऊ शकतं. फवारणी पंपवाल्यांचा जादा दिवा हायवेवर बंद ठेवा, शेतरस्त्यालाच लावा.

आणि गाडी ५० वर्षांच्या वर आहे म्हणून कोणी व्हिंटेज रजिस्ट्रेशन करा म्हणेल. २०२१ च्या नियमात ते आहे, व्हीए सिरीजची पाटी मिळते, पण ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तुम्हाला तर केळीला पाणी द्यायला जायचंय. साधं आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करत राहा.

केळीपट्टा

हे व्हिंटेजचं बरं सांगितलं, एक जण मागेच लागला होता.

ठरलं मग. अर्थची वायर आधी, ती उद्याच. रिले आणि २५/२५ चा बल्ब जळगावला गेलो की. शेतरस्त्यासाठी क्लॅंपवरचा एलईडी, बॅटरी मात्र नवीन घेईन, पंपाची नाही, वडिलांनी आत्ताच दम दिलाय. १२ व्होल्ट किट राहू द्या, तेवढ्यात ठिबकच्या नळ्या येतात.

रिफ्लेक्टर उघडून बघितला, खालच्या बाजूला नखाएवढे दोन-तीन काळे डाग आहेत, बाकी स्वच्छ. एवढ्यासाठी व्हॅक्यूम थर द्यायला पाठवावा का असाच चालवू? आणि पाठवायचा तर जळगाव-धुळ्यात हे काम कोणी करतं का, का नाशिकच गाठावं लागेल?

जुनं_लोखंड

डाग खाली आहेत ना, मग असाच चालवा. आधी अर्थची वायर आणि रिले टाका आणि होल्डरवर परत मोजा. ६ च्या वर आलं तर रिफ्लेक्टर काढायची गरजच पडणार नाही.