कच्चा रस्ता, नदीचा काठ आणि सायकल: तुमचे अनुभव लिहा

आडवाटे
काल गॅलरी आवरायला काढली. खिळ्याला टांगलेली सायकल कित्येक वर्षांनी खाली घेतली, मागचं टायर रिममधून उचकटलं, तर आतून मूठभर भुसा सांडला फरशीवर. बायको म्हणाली, "उंदराने घर केलंय." उंदीर कसला! भाताचा पेंढा होता तो. पेज नदीच्या काठचा.

२०१९ चा नोव्हेंबर. पहाटेच्या कर्जत लोकलच्या मालडब्यात रिकाम्या पाट्यांच्या उतरंडीला सायकल टेकवून नेरळला उतरलो. कशेळ्यापर्यंत डांबरी, पुढे मुद्दाम नदीच्या अंगाने जाणारा बैलगाडीचा रस्ता धरला. एका हाताला पेज, दुसऱ्या हाताला साग आणि ऐन, खाली मुरूम, मधूनच मुठीएवढी खडी. तासाभरात पंक्चर. ट्यूब बदलली. दहा मिनिटांत परत फुस्स. काटा टायरमध्येच होता आणि मी शहाणा आत बोट न फिरवताच नवी ट्यूब घालून मोकळा! पॅच होते, पण सोल्यूशनची नळी पिळली तर आतलं सगळं वाळून खडा.

खळ्यावर एक आजोबा झोडणी करत होते. आले, टायर दाबून बघितलं, म्हणाले, "ट्यूब काढ." पेंढा पाण्यात भिजवला, पीळ देत देत टायरमध्ये कोंबला, शेवटी टाचेने दाबून कडा बसवली. पैसे विचारले तर म्हणाले, "पेंढ्याचे कसले पैसे? म्हशीला एक पेंढी कमी घालीन." नेरळपर्यंत कचकच कचकच करत आलो, पण पाय न टेकता आलो. घरी आल्यावर सायकल टांगली ती टांगलीच, पुढे लॉकडाऊन आणि मग गुडघा.

तर लिहा तुमचंही. ग्रॅव्हल बाईकच (खडी-मातीच्या रस्त्यासाठीची सायकल) हवी असं काही नाही. माझी साधी हायब्रिड आहे.

पेडलपंत
मुंबईकराला ग्रॅव्हल शोधायला नेरळला कशाला जायला हवं? आमच्या गल्लीत दोन वर्षं खोदून ठेवलंय. फुल सस्पेन्शन लागतं दूध आणायला.

निवांत_मुलुंड
हाहा पंत. आजोबा भारी. वाचतोय, लिहितो रात्री.

काटेसावर
बोटाने काटा शोधू नका, बोटातच जातो. कापूस घेऊन टायरच्या आतून फिरवायचा. जिथे तंतू अडकतो तिथे काटा. बाभळीचा काटा बाहेरून तुटलेला असतो, वरून दिसतच नाही.
आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर तो काटा नव्हे. हवा कमी होती, दगडावर आपटून रिमने ट्यूब चावली. खडीवर हवा कमी ठेवा असं सगळे सांगतात, ते ट्यूबलेसवाल्यांसाठी. ४० मिमीच्या टायरला ते ३०-३५ पीएसआयवर मजेत जातात. ट्यूब असेल तर थोडी जास्त भरा.

चहात_बुडालेली
तुंगारेश्वर!! गेल्या ऑक्टोबरात, आम्ही तिघी. हायवेवरून आत वळलं की देवळापर्यंत ठीक, पुढे चढ सुरू, लाल माती आणि रस्ता कापत जाणारे ओढे. पहिला ओढा सायकलवर बसूनच पार केला, फार शूर वाटलं. दुसऱ्यात शेवाळ. मी आडवी, सायकल माझ्यावर, आणि थालीपिठांचा डबा संथपणे वसईच्या दिशेने. सहलीला आलेल्या एक काकू धावत आल्या, पर्समधून हळद (!!) काढून गुडघ्यावर दाबली आणि दाबता दाबताच विचारलं, लग्न झालंय का तुझं.

पेडलपंत
मग? झालंय का?

चहात_बुडालेली
डबा मिळाला नाही एवढंच सांगते.

सान्वीची_आई
पर्समध्ये हळद!! काकूंना दंडवत. कुकर लावलाय, येते.

दहिसरचा_बाबू
माझा अनुभव थोडा जुना आणि विषय सोडून. दहिसर नदी तुळशी तलावाकडून नॅशनल पार्कातून येते. आमच्या लहानपणी पुलाखाली पोहायचो, सिनेमाची शूटिंगं व्हायची, आम्ही काठावर चड्डीत उभे. वडिलांच्या चोवीस इंची सायकलवर दांड्याखालून पाय घालून नदीच्या कडेकडेने बोरिवलीपर्यंत जायचो. रस्ता नव्हताच, म्हशींनी केलेली वाट. आता तिथे भिंत आहे. पार्कात आत गेलात तर नदी अजून नदीसारखी दिसते. गेटवर सायकली भाड्याने मिळतात, कान्हेरीपर्यंत चढवा, शेवटच्या चढाला मी उतरून ढकलतो, लाज कसली.

काटेसावर
बाबूकाका, दांड्याखालून म्हणजे कैची! आमच्याकडेही तेच म्हणायचे. कारवी फुलली तेव्हा गेला होतात का पार्कात? २०१६ ला? आठ वर्षांतून एकदा फुलते.

दहिसरचा_बाबू
गेलो होतो. बायपासनंतरचं पहिलं चालणं ते.

काटेसावर
अरे. तब्येत जपा काका.

उल्हासकाठ
आडवाटे, २०१९ म्हणजे तेच वर्ष. २७ जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ उल्हासच्या पुरात अडकली होती. मी बदलापूरची. रविवारी ज्या काठच्या रस्त्याने आम्ही वांगणीकडे जायचो तिथे पाणी ओसरल्यावर घोट्याच्या वर गाळ होता, आणि कुंपणाच्या तारांना गवत, प्लास्टिक, एक शाळेचं दप्तर. तेव्हापासून जून ते सप्टेंबर नदीकाठ बंद, घरच्यांना शब्द दिलाय. पावसात बारवीच्या बाजूला डांबरीवरूनच जाते, दोन्ही बाजूंनी रान आहे, पुरतं मला.

निवांत_मुलुंड
आलो. आधी पेजेबद्दल एक. मे महिन्यात आसपासचे ओढे कोरडे ठाक असतात तरी पेज वाहते, कारण वर घाटावर ठोकरवाडी धरणाचं पाणी खाली भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरात उतरतं आणि वीज करून झाली की पेजेत सोडतात. १९२२ पासून. म्हणजे तुम्ही ज्या पाण्यात पाय सोडून बसता ते आधी मुंबईचे दिवे लावून आलेलं असतं.

अनुभव: माझ्या सायकलला प्रेस्टा व्हॉल्व्ह, तो बारीक, डोक्याला स्क्रूवाला. खांडसच्या अलीकडे हवा गेली. गावातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर होता, पण नोझल बसेना. त्याने व्हॉल्व्ह असा निरखला जसा डॉक्टर जीभ बघतो. म्हणाला, "दादा, हे विलायती दुखणं आहे." चाळीस-पन्नास रुपयांचं पितळी अ‍ॅडॅप्टर मिळतं, वाटाण्याएवढं, ते लावलं की मोटारसायकलच्या नोझलने हवा भरते. तेव्हापासून किल्ल्यांच्या जुडग्यात एक आणि सीटखाली एक.

चाकोरी_मोडा
कुत्र्यांचं काय करता तुम्ही लोक? येऊरला जाताना माझ्यामागे चार लागले.

काटेसावर
पळवू नका सायकल. उतरायचं, सायकल मध्ये धरायची, चालायला लागायचं. चाक फिरायचं थांबलं की त्यांचा निम्मा रस संपतो.

पेडलपंत
उरलेला निम्मा पोटरीत.

सान्वीची_आई
आले. मला सायकल येत नाही पण नवऱ्याला येते, आणि तो दर मे महिन्यात असाच कुठून कुठून पिशवीभर करवंदं आणतो. कच्ची. चीक सगळ्या हाताला. चीक जायला काय करता कुणी सांगाल का

उल्हासकाठ
आधी हाताला तेल चोळायचं. देठ काढून मिठाच्या पाण्यात टाका, चीक उतरतो. मग चिरून लोणचं, मोहरीची फोड जास्त घाला.

सान्वीची_आई
थँक्यू ताई! त्याला सांगते या वर्षी दोन पिशव्या आण.

चहात_बुडालेली
पिशवी हँडलला अडकवू नका म्हणावं, पुढच्या चाकात जाते. कसं माहीत ते विचारू नका.

आडवाटे
काय काय लिहिलंत! आज टायर पूर्ण साफ केलं. निवांत म्हणतायत तशी कापसाने तपासणी केली

काटेसावर
कापूस मी म्हटलं होतं.

आडवाटे
सॉरी सॉरी, काटेसावर. तर तीन सेंटिमीटरचा काटा निघाला, तोच तो, अजून आतच. आजोबांनी पेंढा त्याच्यावरच कोंबला होता. नवी ट्यूब मागवलीय. आजोबांकडे जायचंय, पण गावाचं नावच विचारलं नव्हतं तेव्हा. खळ्यासमोर मोठा मोह होता, पुढे फरशी पूल. कुणाला ओळखता येतंय का?

निवांत_मुलुंड
तिकडे प्रत्येक वाडीसमोर मोह आणि पुढे फरशी पूल आहे हो. रविवारी पहाटेची गाडी धरू, काठाने विचारत विचारत जाऊ. अ‍ॅडॅप्टर आहे माझ्याकडे.

पेडलपंत
मी येतो. पेंढा कुणी घ्यायचा?