दुखावलेल्या धावपटूला नुसतं 'पोहायला जा' सांगून भागतं का?

तळजाईकर
पुण्याची मॅरेथॉन डिसेंबरात, मुंबईची जानेवारीत. त्यामुळे दिवाळीच्या आसपास तळजाईच्या टेकडीवर लंगडणाऱ्यांची संख्या वाढते. कोणाची नडगी, कोणाची टाच, कोणाचा आयटी बँड (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणारी पट्टी). आणि सगळ्यांना सल्ला एकच: "महिनाभर पळणं बंद, पोहायला जा."

माझ्या मते हा सल्ला अर्धवट आहे. धावणाऱ्याने पाण्यात उतरावं ते पळायला. कमरेला तरंगत ठेवणारा फ्लोटेशन बेल्ट, पाय तळाला टेकणार नाहीत इतकं खोल पाणी, अंग किंचित पुढे झुकलेलं, आणि रस्त्यावर पळतो तसेच हात-पाय चालवायचे. धक्का शून्य, पण स्नायू बरेचसे तेच. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचं काम मुख्यतः हात-खांदे करतात, मग मांड्यांना काय मिळालं? १९९७ साली अमेरिकेत ११ कसलेल्या धावपटूंवर प्रयोग झाला होता. चार आठवडे फक्त खोल पाण्यातलं पळणं, आणि नंतर ५ किमीची वेळ जवळजवळ होती तेवढीच.

तरीही आपल्याकडे कुठल्या टँकवर बेल्ट लावून पळायला गेलात तर लोक असे बघतात की जणू म्हैस उतरली.

सूर मुटका
बघणारच! ४५ मिनिटांची बॅच, त्यात उन्हाळ्यात शाळेची पोरं, आणि मधोमध एक गृहस्थ उभ्याउभ्या जागच्या जागी हातपाय मारतायत. मागून येणाऱ्याने काय करायचं, त्यांना प्रदक्षिणा घालायची? आमच्याकडे एकदा सरांनी शिट्टी मारून एकाला बाहेर काढलं, त्यांना वाटलं बुडतोय.

खरं कारण सांगू? पळणाऱ्यांना पोहता येत नाही. रस्त्यावर २१ किमी मारणारा माणूस २५ मीटर गेला की कठडा धरून धापा टाकतो, आणि हे त्याला सहन होत नाही. म्हणून मग बेल्ट. श्वास लयीत घ्यायला शिका, पाठ सरळ ठेवून ग्लाइड करायला शिका. तास-दोन तास वाकडेतिकडे पळून आखडलेल्या पाठीला आणि खांद्यांना ते हवंच असतं. ११ जणांच्या प्रयोगावर एवढा डोलारा कशाला?

तळजाईकर
@सूर मुटका, पोहायला शिकणं चांगलंच आहे हो. पण मॅरेथॉन सात आठवड्यांवर असताना माणसाने फ्रीस्टाइलची बाराखडी गिरवायची का? तंत्र येईपर्यंत नाडी वाढते ती घाबरल्यामुळे, व्यायामामुळे नाही. प्रयोग लहान आहे, मान्य. पण तो एकटा नाही, सहा आठवड्यांचेही झालेत आणि कल तोच आहे.

हाडवैद्यीण
मी फिजिओ आहे. भांडण मजेशीर आहे, पण दोघेही दुखापत कुठली हे न विचारताच औषध देताय.

गुडघ्याची आतली बाजू दुखत असेल तर ब्रेस्टस्ट्रोकची लाथ नको. ती बेडकासारखी बाहेर फेकून आत ओढताना ताण नेमका तिथेच येतो. पोटरी किंवा अकिलीस (टाचेमागची जाड शीर) दुखत असेल तर पोहा खुशाल, पण प्रत्येक फेरीला भिंतीला पाय लावून जी उसळी मारता ती बंद. नुसते हळू वळा. लोक म्हणतात "पोहून टाचेचं दुखणं वाढलं", ते बऱ्याचदा या उसळीनेच. मांडीच्या पुढचा स्नायू वर जांघेत ओढला गेला असेल तर पाण्यातलं गुडघे उचलून पळणंसुद्धा त्रास देतं, कारण पाण्यात वेग वाढवला की विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि खुब्याच्या हाडाच्या मानेला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर) असेल तर आधी ऑर्थोपेडिकची परवानगी, मग पाण्याची भाषा.

घड्याळात नाडी बघून पळणाऱ्यांसाठी: तेवढाच जोर लावला तरी पाण्यात नाडी साधारण १० ते १५ ठोक्यांनी कमी दिसते. पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं. त्यामुळे जमिनीवरचे नाडीचे झोन (टप्पे) तिथे लावू नका. बोलताना धाप लागते का, हा निकष धरा.

वेताळ
मला मुळात हा अट्टहासच कळत नाही. शरीर सांगतंय थांब, आणि तुम्ही विचारताय, थांबता थांबता कुठे पळू?

पाण्याचा खरा धोका कोणी बोलत नाही. दम टिकतो, पाय टिकत नाहीत. महिनाभर धक्क्याशिवाय काढला की पोटरी आणि अकिलीसची उसळी घेण्याची सवय मोडते. हाडाला भार मिळत नाही. नुसतं पोहणाऱ्यांच्या हाडांची घनता धावणाऱ्यांपेक्षा कमी आढळते, ती काय उगाच? मग हा पठ्ठ्या टँकमधून निघून पहिल्याच रविवारी सिंहगड रोडला १० किमी मारतो, फुप्फुसं म्हणतात चल, आणि पुढच्या आठवड्यात नडगी पुन्हा धरते. घरी बसलेला निदान दमतो तरी, म्हणून जपून सुरू करतो.

रविवारचा घाट
@वेताळ, जोन बेनॉइट विसरलात का? १९८४ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर १७ दिवसांनी अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड मॅरेथॉनमध्ये ती पहिली आली, आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला बायकांच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचं सुवर्ण. बसून राहिली असती तर?

वेताळ
ती त्या दिवसांत हाताने फिरवायची सायकल चालवत होती, म्हणजे टँकच्या बाजूने हा पुरावा चालत नाही. शिवाय ती जोन बेनॉइट होती. आपण हाफ मॅरेथॉनच्या टी-शर्टसाठी पळतो.

चिंचवडची
तुम्ही सगळे खोल पाणी गृहीत धरताय. आमच्या सोसायटीचा पूल सगळीकडे चार फूट. बाहेरच्या टँकवर बायकांची बॅच भर दुपारी, नोकरी करणारीने जायचं कधी? आणि बेल्ट तिथे मिळत नाही, स्वतःचा घ्यावा लागतो.

मी छातीभर पाण्यात पळते. दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, तळाच्या फरश्यांवर चवड्यांची सालं निघतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगठ्याखाली लालभडक फोड. नेहमीचे बूट घालू देत नाहीत, रबरी तळाचे वॉटर शूज चालतात का ते सुरक्षारक्षकाला नाही, कमिटीला विचारा. दुसरी, माणूस नकळत चवड्यांवरच उड्या मारायला लागतो आणि पोटऱ्या भरून येतात. टाच मुद्दाम टेकवावी लागते.

सूर मुटका
@चिंचवडची, हे मात्र कामाचं. उथळ बाजूला पळा, कोणाचं काही म्हणणं नाही. आमचं भांडण लेनमध्ये उभं राहणाऱ्यांशी आहे.

हाडवैद्यीण
@चिंचवडची, तुमच्या चार फुटांचा एक फायदा आहे आणि तो @वेताळ यांच्या मुद्द्याला उत्तरही आहे. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर अंदाजे निम्मं वजन येतं, छातीएवढ्या पाण्यात साधारण एक तृतीयांश, मानेएवढ्यात जेमतेम दहावा भाग. म्हणजे खोल पाण्यातून उथळाकडे सरकत भार हळूहळू वाढवता येतो. बेल्ट, मग छाती, मग कंबर, मग मैदान.

@वेताळ यांचं "दम टिकतो, पाय टिकत नाहीत" मी क्लिनिकच्या भिंतीवर लावणार आहे. पण त्यावर उपाय घरी बसणं नाही. दुखणं परवानगी देईल तेव्हापासून जमिनीवर टाच उचलण्याचे व्यायाम, आधी दोन पायांवर, मग एका. पाणी दमासाठी, हे पोटरीसाठी.

तळजाईकर
मग परत रस्त्यावर कधी? ते "महिनाभर" कुठून येतं?

हाडवैद्यीण
कॅलेंडरवरून नाही. अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी दुखत नाही, आणि त्याच पायावर लंगडी घालता येते, तर एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, तेही सपाट जागी. तळजाईचा चढ नंतर. मधल्या दिवशी टँक चालू ठेवा. हाडाची दुखापत असेल तर मात्र हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

वेताळ
सपाट जागा पुण्यात कुठे, तेवढं सांगा. रेसकोर्स सोडून.