अनभिज्ञ आणि अज्ञ

'अनभिज्ञ म्हणजे अज्ञानीच ना?' या प्रश्नाला 'हो' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. फोड अन् + अभिज्ञ अशी आहे. अभिज्ञ म्हणजे जाणकार. (सुरुवातीचा 'अ' पाहून काही जण अभिज्ञ हाच नकारार्थी शब्द समजतात आणि भलतंच वाक्य लिहून बसतात! तो 'अभि' उपसर्ग आहे. शकुंतलेच्या नाटकाच्या नावातलं 'अभिज्ञान' म्हणजे ओळख, तेही याच कुळातलं.)

खरा फरक वापरात दिसतो. अनभिज्ञ माणूस एखाद्या ठरावीक गोष्टीबद्दल अनभिज्ञ असतो. नावाजलेला सर्जनही शेअर बाजाराबाबत अनभिज्ञ असू शकतो, आणि त्यात त्याचा अपमान नाही. त्याला अज्ञ किंवा अज्ञानी म्हटलं की शेरा थेट माणसावरच जातो. 'अजाण'मध्ये कोवळं वय आणि निरागसपणा येतो. 'अडाणी' तर सरळ शिवीकडे झुकतो.

'त्यापासून अनभिज्ञ' मात्र माझ्या कानाला खटकतं, 'त्याबाबत' किंवा 'त्याविषयी' बरं. आणि बोलताना कोण अनभिज्ञ म्हणतं? 'त्याला याचा गंधही नाही' म्हणून आपण मोकळे होतो.