दोन लहान लेकरं, एकटी आई आणि लंडनचं विमान

ए-२०४: नमस्कार सोसायटीकर. पुढच्या आठवड्यात मी दोन्ही मुलांना घेऊन लंडनला निघतेय. हे तिकडेच आहेत, त्यामुळे जाताना मी एकटीच. मोठा ४ वर्षांचा, धाकटी २२ महिन्यांची. तीन महिन्यांनी परत. कोणी लहान मुलांना इतकं लांब नेलं असेल तर सांगा ना, काय तयारी करू?

सी-१०२ (काकू): अगं, एकटी दोघांना! घाबरू नकोस, होतं सगळं नीट. विमानात बसलं की सर्दीचं औषध थोडं पाजायचं, पोरं गुडुप झोपतात. आमच्याकडे असंच करायचे.

ए-५०३: ताई, धाकटीसाठी बेसिनेट, म्हणजे विमानातला बाळाचा छोटा पाळणा, सांगून ठेव लगेच. मोजकेच असतात.

बी-३०१: २२ महिन्यांची पोर त्यात मावायची नाही हो. वजनाची मर्यादा असते, लांबीही पुरत नाही. मांडीवरच घ्यावी लागेल, तेही नऊ-दहा तास. परवडत असेल तर तिचं वेगळं सीट घ्या, मी तर आग्रहानेच सांगेन. आणि येतानाचं तिकीट बघितलंत का? तोवर ती २ वर्षांची होईल. २ पूर्ण झाली की मांडीवर चालत नाही, सीट घ्यावंच लागतं. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात.

ए-२०४: अरे बापरे, हे डोक्यातच नव्हतं. आजच फोन करते.

बी-६०१ (डॉक्टर): काकू, तुम्ही मायेनेच सांगताय, पण सर्दीचं औषध झोपेसाठी अजिबात द्यायचं नाही. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलट जास्त चिडचिड करतात, रात्रभर थयथयाट. डोस जास्त झाला तर श्वासावर परिणाम होऊ शकतो. विमानातली हवा आधीच विरळ असते, ६ ते ८ हजार फुटांवर असते तशी, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वरची. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन-फिनाइलेफ्रिन या सर्दीच्या एकत्रित औषधांवर ‘४ वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापायला लावलंय. ते उगाच नाही.

सी-१०२ (काकू): बरं झालं सांगितलंस गं. मग कान दुखून रडतात त्याचं काय करायचं?

बी-६०१ (डॉक्टर): त्रास मुख्यतः उतरताना होतो. कानाच्या पडद्यामागून घशात जाणारी नळी लहान मुलांत अरुंद असते. गिळलं की ती उघडते आणि दाब सारखा होतो. म्हणून विमान खाली यायला लागलं, म्हणजे टेकायच्या साधारण अर्धा तास आधी, धाकटीला दूध किंवा पाणी घोट-घोट पाजत राहा. झोपली असेल तर उठवा, झोपेत गिळणं कमी होतं. जीव नाही होणार उठवायचा, तरी उठवा. सगळं दूध चढतानाच संपवू नका, थोडं मागे ठेवा. मोठ्याला काहीतरी चघळायला द्या. नाक चोंदलं असेल तर निघायच्या आधी मला दाखवून जा.

ए-२०४: दूध नेऊ देतात का पण? हातातल्या बॅगेत पातळ पदार्थांना १०० मिलीचा नियम आहे ना?

ए-५०३: बाळाचं दूध, खाणं आणि औषधं त्यातून वगळलेली असतात, प्रवासाला लागतील तेवढी. तपासणीला वेगळी काढून दाखवायची. स्ट्रोलर घडी करून मशीनमधून जातो, विमानाच्या दारापर्यंत नेता येतो. हातातल्या बॅगेत दोघांचे दोन-दोन जादा कपडे, आणि तुझा एक टॉप. उलटी तुझ्याच अंगावर होणार 🙂

सी-१०२ (काकू): मेतकूट, नाचणीसत्त्व दे हो बरोबर. आणि घरचं तूप.

बी-३०१: तूप नको काकू. इंग्लंडमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे. तूप, पेढे तिथे काढून घेतील. बाळाची बंद डब्यातली दूध पावडर चालते. सुकं खोबरंही सामानात नको, ते पेट घेणाऱ्यांत धरतात. नाचणी, मेतकूट खुशाल द्या.

ए-५०३: दोघांचे जन्मदाखले हाताशी ठेव. एकट्या पालकाबरोबर मूल असलं की कधी कधी विचारतात. मिस्टरांचं संमतीपत्र आणि त्यांच्या पासपोर्टची प्रतही असू दे. सगळी कागदपत्रं एकाच पाऊचमध्ये, गळ्यात.

बी-३०१: शेवटचं, तिकिटावर विमानतळ नीट वाचा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. ड्रायव्हरला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नका.

ए-२०४: मुंबईच आहे, टर्मिनल २. खूप खूप आभार सगळ्यांचे 🙏 डॉक्टर, उद्या संध्याकाळी दोघांना घेऊन आले तर चालेल का? मोठ्याचं नाक कालपासून वाहतंय.

बी-६०१ (डॉक्टर): सातनंतर या. घरीच आहे.