त्सो मोरारीच्या एक्लोजाइटचं वय: गार्नेट विरघळवण्याआधी काय काय तपासायचं?

शिलारसायन:
नमस्कार. पूर्व लडाखच्या त्सो मोरारी पट्ट्यातल्या एक्लोजाइटमधलं (बेसॉल्ट खूप दाबाखाली जाऊन बनलेला लाल-हिरवा खडक) गार्नेट हे लाल खनिज वेगळं काढून ल्युटेशियम-हाफ्नियम पद्धतीनं (ल्युटेशियम-176 चा क्षय होऊन हाफ्नियम-176 किती वाढलं यावरून) वय काढायचं ठरलंय. भारतीय खंडाची कड सबडक्शनमध्ये (एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकताना) 90-100 किलोमीटर खाली जाऊन वर आली, हे 2001 मध्ये इथल्या गार्नेटात कोएसाइट (फार मोठ्या दाबाखाली बनणारं क्वार्ट्झचं रूप) सापडल्यापासून नक्की झालं. पण ती त्या खोलीवर कधी होती, यावर एकमत नाही. 2000 साली समस्थानिकांवरून 55 दशलक्ष वर्षं हे वय आलं, पण त्रुटीचा पट्टा मोठा होता. 2005 मध्ये आजूबाजूच्या नाइस या पट्टेदार खडकातल्या झिरकॉन खनिजावरून 53.3 आलं. 2013 मध्ये एका गटानं 58 मांडलं, तर दुसऱ्यानं एक्लोजाइटमधल्या झिरकॉनवरून 47 ते 43. पाकिस्तानातल्या काघान खोऱ्यातल्या अशाच खडकांसाठी मात्र 46 वर बऱ्यापैकी सहमती आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गार्नेटचं वय म्हणजे नेमकं कोणत्या घटनेचं वय धरायचं? आणि बिंदू समकालरेषेवर (एकाच वयाच्या नमुन्यांची गुणोत्तरं जिच्यावर पडतात ती सरळ रेषा; तिच्या उतारावरून वय निघतं) बसले नाहीत, तर त्याची कारणं प्रयोगशाळेत कुठे शोधायची?

खडकवाट:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर नमुना उचलतानाच सुरू होतं. तिथलं एक्लोजाइट पुगा नाइसमध्ये गाठींसारखं अडकलेलं आहे. या गाठींच्या, म्हणजे बूदिनच्या, कडांमध्ये वर येताना पाणी शिरलं आणि तिथे अॅम्फिबोलाइट हा काळपट खडक झाला. हातात धरल्यावर लाल गार्नेटभोवती काळपट-हिरवी झालर दिसली, तर तो तुकडा वयासाठी घेऊ नका. बूदिनच्या मधोमधचा, ऑम्फॅसाइट या गवती-हिरव्या खनिजाचा भाग घ्या. 4-5 किलो पुरे. हवामानानं तांबूस झालेली साल तिथेच काढून टाका. (परिसर संरक्षित आहे आणि सरोवर रामसर स्थळ आहे. परवान्यांचं काम निघण्याआधी उरकून घ्या.)

मूळ खडक पंजाल ट्रॅपसारखा (काश्मीरकडचे जुने लाव्हाथर) बेसॉल्ट होता असं मानतात. सह्याद्रीतला आपला बेसॉल्ट तेवढ्या दाबाखाली नेला तर तोही असाच लाल-हिरवा होईल. त्यातलं प्लॅजिओक्लेज हे फेल्डस्पार खनिज मोडतं, त्याचं सोडियम ऑम्फॅसाइटमध्ये जातं आणि घनता 3.0 वरून 3.4-3.5 पर्यंत चढते.

फोडण्याआधी सूक्ष्मदर्शकासाठी खडकाचे किमान तीन पातळ छेद करा. गार्नेटातल्या क्वार्ट्झच्या कणाभोवती किरणांसारख्या भेगा दिसल्या तर तिथे रामन वर्णपटमापक लावा. वर्णपटात 521 cm⁻¹ ची रेषा कोएसाइटची, 464 ची क्वार्ट्झची. बहुतेक ठिकाणी मध्ये कोएसाइटचा ठिपका आणि भोवती क्वार्ट्झच्या उभ्या काड्यांचं कुंपण असतं. पूर्ण क्वार्ट्झ झालेला कण मिळाला तर फक्त भेगांवर विसंबू नका.

समस्थानिक_कट्टा:
वय कुणाचं, हा प्रश्न आधी. ल्युटेशियम गार्नेटला फार आवडतं, त्यामुळे वाढ सुरू होताच ते गाभ्यात ओढलं जातं आणि बाहेरच्या थरांना कमी उरतं. म्हणून ल्युटेशियम-हाफ्नियमचं वय वाढीच्या सुरुवातीकडे झुकतं, म्हणजे खडक अजून खाली उतरत असतानाच्या काळाकडे. सॅमेरियम-निओडिमियम या दुसऱ्या जोडीचं वय कडेकडे झुकतं.

पण "गाभ्याचं वय मिळालं" असं लगेच लिहू नका. गोल गार्नेटच्या अर्ध्या त्रिज्येपर्यंतचा गाभा म्हणजे आकारमानाचा फक्त आठवा भाग. समजा गाभ्यात ल्युटेशियम कडेच्या दहापट आहे. तरी गाभ्याचा वाटा 10 × 1/8 म्हणजे 1.25 आणि कडेचा 7/8 म्हणजे 0.875. एकूण ल्युटेशियममधलं सुमारे 59 टक्के गाभ्याचं, उरलेलं 41 टक्के कडेचं. मिळालेलं वय हे या दोघांचं मिश्रण आहे. त्सो मोरारीच्या बऱ्याच गार्नेटांत गाभा आणि कड स्पष्ट वेगळे दिसतात, म्हणून इथे ही चूक महागात पडते.

त्यासाठी विरघळवण्याआधी मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनच्या झोतानं ठिपक्याठिपक्याची रचना मोजणारं यंत्र) मँगनीज, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचा नकाशा काढा आणि लेझरनं कडेपासून कडेपर्यंत ल्युटेशियमची रेघ मारा. छेद कणाच्या मध्यातून गेलेला हवा. बाजूनं गेला तर गाभा दिसतच नाही, आणि माणूस गार्नेट एकसारखं आहे असं समजून बसतो. माझ्या मते ही रेघ नसेल तर त्या वयावर कुठलाही भूवैज्ञानिक निष्कर्ष रचू नये.

हाफ्नियम_स्तंभ:
आता दुसरा प्रश्न. बिंदू विखुरण्याचा पहिला संशयित म्हणजे झिरकॉन.

हिशोब पाहा. अशा गार्नेटात हाफ्नियम साधारण 0.2 पीपीएम (दशलक्षात 0.2 भाग) धरलं, तर 200 मिलिग्रॅममध्ये फक्त 40 नॅनोग्रॅम. 100 मायक्रॉन लांब, 50 मायक्रॉन जाडीच्या एका झिरकॉनचं वजन सव्वा मायक्रोग्रॅमच्या आत, पण त्यात हाफ्नियम एक टक्का, म्हणजे 11-12 नॅनोग्रॅम. असा एकच जुना कण विरघळला तरी चौथ्या हिश्श्याहून जास्त परकं हाफ्नियम मिसळलं. आजूबाजूच्या ग्रॅनाइटी नाइसमध्ये 479 दशलक्ष वर्षांपूर्वीचे झिरकॉन आहेतच, म्हणून नाइसला चिकटलेला नमुना जास्त धोक्याचा.

उपाय असा की उच्चदाबाचा बॉम्ब (दाबाखाली तापवायचं पक्कं बंद भांडं) वापरायचा नाही. टेफ्लॉनच्या झाकणबंद भांड्यात, हॉटप्लेटवर 120 अंशांना, हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लात विरघळवा. या तापमानाला गार्नेट जातं, झिरकॉन जवळपास तसंच राहतं. संपूर्ण खडकाची भुकटीही त्याच पद्धतीनं विरघळवा. भुकटी बॉम्बमध्ये आणि गार्नेट हॉटप्लेटवर केलं, तर जुन्या झिरकॉनमुळे खडकाचा बिंदू खाली ओढला जातो, रेषा उभी होते आणि वय खोटं जुनं निघतं.

दुसरा संशयित फ्लोराइड. कोरडं केल्यावर तळाशी पांढरट साय राहिली, तर तिच्यात ल्युटेशियम अडकतं आणि हाफ्नियम द्रावणात जातं. ल्युटेशियम-हाफ्नियमचं मिश्र स्पाइक (सांद्रता मोजण्यासाठी घालायचं, ठरावीक समस्थानिकांचं मोजून केलेलं द्रावण) आम्ल घालण्याआधीच टाका, म्हणजे ते नमुन्यात पूर्ण मिसळतं. मग 6 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात कोरडं करून पुन्हा विरघळवा. द्रावण काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत हे दोन-तीनदा करा.

तिसरा म्हणजे एलएन रेझिनच्या (मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करणारे राळेचे कण) स्तंभावरचं लोह आणि टायटॅनियम. 3 मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये अॅस्कॉर्बिक आम्ल घालून द्रावणाचा पिवळेपणा जाईपर्यंत थांबा. लोहाची संयुजा 3 राहिली तर ते रेझिनला धरून बसतं. जड दुर्मिळ मृदा (ल्युटेशियम, इटर्बियम वगैरे) उतरवल्यावर सायट्रिक आणि नायट्रिक आम्लात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून टायटॅनियम धुवा. स्तंभातून नारंगी पट्टा खाली सरकताना दिसतो. एक्लोजाइटमध्ये रुटाइल हे टायटॅनियमचं खनिज भरपूर असल्यानं हा पट्टा जाड असतो. नारंगी छटा पूर्ण संपण्याआधी हाफ्नियम गोळा करायला घेतलं, तर यंत्रात संकेत गडगडतो. आणि इटर्बियम पुरतं निघालं नसेल तर 176 वस्तुमानावर ते हाफ्नियमच्या डोक्यावर बसतं, मग गणितानं केलेली दुरुस्ती पुरत नाही.

खडकवाट:
खनिजं वेगळी करण्याबद्दल राहिलं होतं. जॉ क्रशरनंतर 250-500 मायक्रॉनचा भाग घ्या आणि मिथिलीन आयोडाइड या जड द्रवात गार्नेट बुडवून घ्या. फ्रँट्झ या चुंबकी विभाजकावर ते 0.4-0.5 अँपिअरच्या आसपास ओढलं जातं, रुटाइल मागे राहतं. कण अल्कोहोलमध्ये भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली हातानं निवडा. कोरड्या कणात जे धूसर वाटतं ते अल्कोहोलमध्ये स्पष्ट दिसतं. गडद, अंतर्वेशनांनी (आत अडकलेल्या इतर खनिजांच्या कणांनी) भरलेले गाभ्याचे तुकडे एका वाटीत आणि फिकट गुलाबी कडेचे दुसऱ्या वाटीत ठेवा. त्यांचे बिंदू वेगळे मोजले, तर वर सांगितलेलं मिश्रण थोडं तरी सुटं होतं.

संपूर्ण खडकाची भुकटी अॅगेटमध्ये करा, टंगस्टन कार्बाइडमध्ये नको.

शिलारसायन:
फार उपयोग झाला. गाभा आणि कड वेगवेगळे मोजायचं ठरवलं. शेवटची शंका: 53 आणि 47 यांच्यातला फरक या पद्धतीला दिसेल का?

समस्थानिक_कट्टा:
ल्युटेशियम-176 चा क्षयांक वर्षाला 1.867 × 10⁻¹¹. गार्नेटमधलं ल्युटेशियम-176 आणि हाफ्नियम-177 यांचं गुणोत्तर 1 असेल, तर 50 दशलक्ष वर्षांत हाफ्नियम-176/177 हे 0.00093 नं वाढतं. 53 आणि 47 यांच्यातला फरक 0.00011 एवढाच. मोजमापाची एकूण त्रुटी 0.00002 धरली तर वयात साधारण एक दशलक्ष वर्षांची चूक येते, म्हणजे फरक दिसतो. गुणोत्तर 0.3 असेल तर तीच चूक साडेतीन दशलक्षांवर जाते आणि दोन्ही उत्तरं एकमेकांत मिसळतात.

म्हणून स्पाइक घालण्याआधी 5-10 मिलिग्रॅम गार्नेट वेगळं विरघळवून फक्त सांद्रता मोजा. गुणोत्तर 1 च्या वर दिसलं तर पुढे चला. खाली दिसलं तर आधी अंतर्वेशनं कमी असलेले कण पुन्हा निवडा, आणि तरीही चढलं नाही तर दुसऱ्या बूदिनचा नमुना घ्या.